चक्कर कानाची, की अर्धशिशीची?

पत्राचा सारांश: ठाण्यात कोलशेतला राहणाऱ्या आणि ऐरोलीत एका कंपनीच्या हिशेब विभागात काम करणाऱ्या ४७ वर्षांच्या एका ताईंचं हे पत्र आहे. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरचे डबे काढताना त्यांना पहिल्यांदा गरगरलं. पुढचे आठ-दहा दिवस पहाटे उजव्या कुशीवर वळलं की खोली फिरायची आणि अर्ध्या मिनिटात थांबायची. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी टेबलावर आडवं करून डोकं ठरावीक पद्धतीने वळवलं, दोन दिवसांत सगळं थांबलं. जानेवारीपासून मात्र पुन्हा चक्कर येऊ लागली, आतापर्यंत सहा वेळा. ही चक्कर तासन्‌तास राहते, एकदा तर दीड दिवस राहिली. "पंखा बंद होता, तरी फिरत होता," असं त्या लिहितात. मळमळतं, उजेड सोसत नाही, कुकरची शिट्टी डोक्यात घुसते, दोन्ही कानांत दडे बसल्यासारखं होतं. डोकं दुखत नाही. दोनदा चक्कर आली ती संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी, दोनदा पाळीच्या आगेमागे. दिवाळीत केलेला उपचार पुन्हा करून पाहिला, उपयोग झाला नाही. एका डॉक्टरांनी मानेत गॅप आहे म्हणून पट्टा दिला. दुसरे म्हणाले, मायग्रेन असेल. मेंदूचा एमआरआय नॉर्मल आल्यावर घरचे म्हणू लागले, तू टेन्शन फार घेतेस. सासूबाईंची चकरेची गोळी त्या पाच महिने रोज तीन वेळा घेत आहेत. त्यांचे प्रश्न असे: "हे कानाचं आहे की डोक्याचं, ते एकदाचं सांगा. लग्नाआधी पित्ताने डोकं चढायचं, उलटी झाली की उतरायचं, पण ते थांबूनही वर्षं झाली. मग डोकं दुखत नसताना मायग्रेन कसा? नोकरी सोडू का? आणि पुढच्या महिन्यात कोल्हापूरला भाचीचं लग्न आहे. मला लहानपणापासून गाडी लागते. जाऊ की नको?"

ताई,

आधी घरच्यांसाठी दोन शब्द, ते त्यांना वाचून दाखवा. एमआरआय नॉर्मल आला म्हणून चक्कर मनाची ठरत नाही. एमआरआयमध्ये मेंदूची घडण दिसते: गाठ आहे का, रक्तस्राव झालाय का, पक्षाघाताचा एखादा झटका येऊन गेलाय का. आतल्या कानात तोलासाठी सूक्ष्म कण असतात; ते जागेवरून सरकले तर त्यात दिसत नाहीत, ते फार बारीक असतात. अर्धशिशी म्हणजे मायग्रेन, तीही दिसत नाही, कारण तिच्यात घडण शाबूत असते आणि कामकाज बिघडतं. तुमचा रिपोर्ट चांगला आहे, त्याने काही मोठी भीती दूर केली. पण भिंत धरून बाथरूम गाठणाऱ्या बाईला "टेन्शन घेऊ नकोस" असं सांगून तिचं काहीच हलकं होत नाही. काळजीने चक्कर वाढते, हे खरं आहे. तुम्हाला मात्र आधी चक्कर आली आणि काळजी तिच्या मागून आली.

आता तुमचा मुख्य प्रश्न. "कानाचं की डोक्याचं, एकदाचं सांगा" असं तुम्ही विचारता, म्हणजे दोन्हीपैकी एकच असणार हे तुम्ही धरून चालला आहात. तुमचं पत्र मला तसं वाटत नाही. दिवाळीत झालं ते कानाचं होतं. जानेवारीपासून जे चाललंय ते बहुधा अर्धशिशीचं आहे. दोन वेगळी दुखणी एकाच बाईला, दोन महिन्यांच्या अंतराने. हा योगायोग वाटतो तितका दुर्मीळ नाही. ज्यांना अर्धशिशी आहे त्यांच्यात कानातले कण सरकण्याचा त्रासही जास्त आढळतो. पत्रावरून निदान करता येत नाही आणि तपासल्याशिवाय मी ते करणारही नाही, पण मला असं का वाटतं ते सांगते, म्हणजे पुढच्या डॉक्टरांसमोर तुम्हाला नीट बोलता येईल.

चकरेला आपल्याकडे शब्द पुष्कळ: भोवळ, घेरी, गरगरणं, अंधारी येणं, झोक जाणं. पण एका घरात घेरी म्हणजे उठून उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे येणारी अंधारी, तर शेजारच्या घरात घेरी म्हणजे खोली फिरणं. नौपाड्यात कान-नाक-घशाची प्रॅक्टिस करताना सुरुवातीची कितीतरी वर्षं मी पेशंटला "नक्की कसं वाटतं?" हेच खोदून विचारायचे आणि सकाळी एक उत्तर, संध्याकाळी दुसरं असं व्हायचं. पुढे प्रश्न बदलले. किती वेळ टिकली? कशाने सुरू झाली? सोबत आणखी काय होतं? या तिन्हींची उत्तरं माणूस सहसा बदलत नाही, आणि निदानाचा बराचसा भाग त्यातच असतो.

दिवाळीच्या चकरेचं उत्तर बघा: अर्धं मिनिट, कुशीवर वळल्यावर, सोबत काही नाही. आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण एका चिकट थरावर बसलेले असतात. वर कुठे, खाली कुठे हे आपल्याला त्यांच्यामुळे कळतं. त्यातले काही सुटून शेजारच्या अर्धवर्तुळाकार नळीत पडले की पंचाईत होते. डोकं वळलं की कण घरंगळतात, नळीतला द्रव हलतो, आणि डोकं थांबलं तरी कान मेंदूला कळवत राहतो की आपण फिरतोय. कण खाली जाऊन बसले की खोलीही थांबते. म्हणून ही चक्कर मिनिटाच्या आत संपते. डॉक्टर तिला बीपीपीव्ही म्हणतात.

ती ओळखण्याची पद्धत १९५२ पासून तीच आहे, डिक्स आणि हॉलपाइक या दोघांनी सांगितलेली. पेशंटला टेबलावर पाय लांब करून बसवायचं, डोकं एका बाजूला ४५ अंश वळवायचं आणि झटकन आडवं करायचं, डोकं टेबलाच्या कडेखाली थोडं झुकलेलं. डोळे मात्र उघडे हवेत. पहिले दोन-चार सेकंद काही होत नाही. मग बुबुळं स्वतःभोवती फिरत वरच्या बाजूला झटके देऊ लागतात, पेशंट माझं मनगट घट्ट धरतो, आणि वीस-तीस सेकंदांत डोळे शांत होतात. मनगटावरची पकडही सुटते. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की स्कॅनची गरज उरत नाही. उपचारही त्याच टेबलावर होतो: डोकं एकामागून एक ठरावीक स्थितींत नेऊन कण आले त्या वाटेने परत पाठवायचे. अमेरिकेतल्या पोर्टलंडचे डॉक्टर जॉन एपली यांनी ही पद्धत बसवली, म्हणून ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. बहुतेकांना एक-दोन वेळांत गुण येतो. तुम्हालाही आला.

मग जानेवारीनंतर तोच उपचार वाया का गेला? दुखणं बदललं होतं म्हणून. नळीत कणच नसतील तर डोकं कितीही फिरवून काय होणार? तुम्ही लिहिलंय की या वेळीही कुशीवर वळलं की चक्कर वाढते, त्यामुळे ती पुन्हा कानाचीच वाटली. इथेच पुष्कळांची गल्लत होते, डॉक्टरांचीसुद्धा. हलल्यावर वाढणं आणि हलल्यावरच येणं यात फरक आहे. पुढच्या वेळी एवढं बघा: भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे नजर लावून दोन मिनिटं अजिबात न हलता पडून राहिलं, तर चक्कर पूर्ण थांबते का? कणांची असेल तर थांबते. तुमची थांबत नसावी, कारण तुमचा पंखा झोपल्या जागी फिरत होता.

आता डोकं न दुखणारा मायग्रेन. आपला अर्धशिशी हा शब्द सुंदर आहे, पण त्याने थोडी फसगतही केली आहे. नावातच शीर्ष म्हणजे डोकं असल्यामुळे अर्धं डोकं ठणकल्याशिवाय अर्धशिशी नाही, असं सगळे मानतात. खरं म्हणजे या आजारात मेंदू बाहेरून येणारी प्रत्येक गोष्ट जास्त तीव्र करून घेतो: उजेड, आवाज, वास, हालचाल. डोकेदुखी हा त्यातला एक प्रकार आहे. तोल सांभाळणारी केंद्रं या गडबडीत सापडली की चक्कर येते. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटना आणि तोलाच्या विकारांवर काम करणारी बारानी सोसायटी यांनी २०१२ मध्ये तिच्या निदानाचे निकष ठरवले: कमीत कमी पाच वेळा आलेली, पाच मिनिटांपासून ७२ तासांपर्यंत टिकणारी चक्कर, पूर्वी किंवा आता अर्धशिशी असल्याचा इतिहास, आणि किमान निम्म्या वेळा चकरेसोबत अर्धशिशीचं एखादं लक्षण. ते लक्षण डोकेदुखी असू शकतं. पण उजेड आणि आवाज दोन्ही न सोसणं, किंवा डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा येणं, हेही तितकंच धरलं जातं. शिवाय दुसरा कुठला आजार या सगळ्याला जास्त लागू पडत नाही, हे बघावं लागतं. तुमच्या सहा वेळा, तुमचं पडदे ओढून घेणं आणि कुकरची शिट्टी, हे सगळं या चौकटीत बसतं.

राहिला अर्धशिशीचा इतिहास. तो तुम्ही एका वाक्यात सांगून टाकला आहे, फक्त वेगळ्या नावाने. "पित्ताने डोकं चढायचं, उलटी झाली की उतरायचं." ताई, आपल्या घराघरांत अर्धशिशीला पित्तच म्हणतात. त्या डोकेदुखीत एक बाजू ठणकायची का? जिना चढलं की वाढायची का? अंधारात झोपावंसं वाटायचं का? उत्तरं हो असतील, तर डॉक्टरांना "मला पित्त होतं" असं सांगू नका, हे तपशील सांगा. डॉक्टर विचारतात "मायग्रेन होतं का?" आणि बाई प्रामाणिकपणे "नाही" म्हणते. निदान तिथेच हुकतं. लहानपणापासून गाडी लागणं हाही त्याच कुळातला पुरावा, अर्धशिशीच्या लोकांमध्ये तो फार दिसतो. आणि वय ४७, पाळी मागेपुढे होत असेल. या वयात जुनी डोकेदुखी ओसरते आणि तिच्या जागी चक्कर येते, असं कितीतरी बायकांत दिसतं.

माझ्या आईचं हेच झालं. माझ्या लहानपणी महिन्यातून दोन दिवस ती कपाळावर सुंठेचा लेप लावून, ओढणीने डोकं आवळून, खिडकी बंद करून पडलेली असायची. पन्नाशीत डोकं दुखायचं थांबलं, आम्हाला सगळ्यांना बरं वाटलं. मग चक्कर सुरू झाली. मी तेव्हा नुकतीच कान-नाक-घशाची डॉक्टर झाले होते. दोन वर्षं मी तिच्या कानावर उपचार करत राहिले. तो सुंठेचा वास माझ्या ओळखीचा होता, तरी दोन्ही गोष्टी मी एकत्र जोडल्या नाहीत. म्हणून तुमच्या पत्रातल्या पित्ताच्या ओळीवर मी थांबले.

पण कानाला इतक्यात मोकळं सोडायचं नाही. तासन्‌तास टिकणारी चक्कर कानामुळेही येते, आणि त्यातला सगळ्यात महत्त्वाचा आजार म्हणजे मेनिएर. प्रॉस्पर मेनिएर हे पॅरिसमधले डॉक्टर. अशी चक्कर तेव्हा मेंदूत रक्त साठल्यामुळे येते असं मानलं जायचं, १८६१ मध्ये त्यांनी ती आतल्या कानातून येऊ शकते हे मांडलं. या आजारात आतल्या कानातल्या द्रवाचा फुगारा होतो. चक्कर वीस मिनिटांपासून बारा तासांपर्यंत टिकते, म्हणजे वेळेवरून अर्धशिशीपासून वेगळी करणं कठीण. तिथे कानाला विचारावं लागतं. मेनिएरमध्ये बहुधा एकच कान गच्च भरतो, त्यात घुंऽऽ असा जाड आवाज येतो, आणि त्या कानाने कमी ऐकू येतं, विशेषतः खालच्या पट्टीतले आवाज. सुरुवातीला ऐकणं परत येतं, पुढे पुढे येत नाही. अर्धशिशीतही कानात दडे बसतात, आवाज येतात, पण ते बरेचदा दोन्हीकडे असतं आणि ऐकण्याची शक्ती सहसा ढासळत जात नाही.

तुम्ही दोन्ही कानांत लिहिलंय. तरी चक्कर आलेली असताना फोनची रिंग आधी एका कानाने आणि मग दुसऱ्या कानाने ऐका, फरक वाटला तर लिहून ठेवा. दिवाळीत केलेली ऐकण्याची तपासणी जुनी झाली, ती या चकरा सुरू होण्याआधीची आहे. ऑडिओमेट्री पुन्हा करा, आणि शक्य झालं तर चक्कर आल्यानंतर एक-दोन दिवसांत करा. दोन चकरांच्या मधल्या चांगल्या दिवशी केली तर सुरुवातीचा मेनिएर निसटू शकतो. काही जणांना मेनिएर आणि अर्धशिशी दोन्ही असतात, आणि ते उलगडायला वर्षभराच्या दोन-तीन ऑडिओमेट्री समोर ठेवाव्या लागतात. त्या सगळ्या एका फायलीत सांभाळा.

तोलाच्या नसेला सूज आली तर चक्कर एकदाच येते, दिवसरात्र सलग काही दिवस राहते आणि मग हळूहळू आठवड्यांनी ओसरते. पुन्हापुन्हा येऊन जात नाही. तुमचं तसं नाही.

मानेच्या गॅपचं मात्र थोडं सांगायला हवं, कारण ठाण्यात दर चौथ्या बाईकडे तो पट्टा असावा असं मला वाटतं. पंचेचाळिशीनंतर एक्स-रे काढला की बहुतेकांच्या मणक्यांत झीज दिसते, कसलाही त्रास नसलेल्यांच्याही. मान वळवली की चक्कर येते म्हणून ती मानेतून येते, असं लोक धरतात. पण मान वळते तेव्हा कानही वळतो, डोळेही वळतात. खोली फिरण्याचं कारण मान असणं फार क्वचित. पट्टा महिनोन्‌महिने लावला की मानेचे स्नायू आखडतात, माणूस डोकं हलवायलाच घाबरतो, आणि मेंदूला तोल पुन्हा शिकायला हालचालच मिळत नाही. डॉक्टरांनी मणक्याचं दुसरं काही कारण सांगितलं नसेल, तर त्यांच्याशी बोलून पट्टा काढण्याचं बघा.

घरातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं इथे सांगते. चक्कर आली आणि त्याचबरोबर बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एकाचे दोन दिसू लागले, हातापायातली ताकद किंवा संवेदना गेली, आधार देऊनही उभं राहता येईना, किंवा आयुष्यात कधी दुखलं नाही असं डोकं अचानक दुखलं, तर कान की अर्धशिशी हा विचार करत बसू नका. तो पक्षाघात असू शकतो. १०८ ला फोन करा आणि लगेच मोठ्या रुग्णालयात जा. गुठळी विरघळवण्याचं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि घोडबंदर रोडवरच्या गर्दीत त्यातला किती वेळ जातो हे तुम्हाला माहीत आहे. बीपी, साखर असणाऱ्यांनी आणखी सावध असावं. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर तेही "दडा बसलाय, सुटेल" म्हणून सोडू नये. काही दिवसांत उपचार सुरू झाला तरच ऐकणं वाचण्याची आशा जास्त असते.

आता गोळी. सासूबाईंच्या गोळीचं पाकीट उलटून नाव वाचा. त्यावर प्रोक्लोरपेराझिन किंवा सिनॅरिझिन असेल, तर ती तुम्ही डॉक्टरांना न विचारता पाच महिने घेतली हे त्यांना याच आठवड्यात सांगा. या गोळ्या मळमळ आणि गरगर दाबतात, चक्कर भरात असताना एक-दोन दिवस त्यांचा आधार मोठा असतो. रोज घेतल्या तर उलट होतं: तोल सावरायला शिकणारा मेंदूच झोपाळतो, आणि माणूस सतत अधांतरी राहतो. तुम्ही लिहिलंय की मधल्या दिवसांतही "बोटीवर असल्यासारखं" वाटतं. त्यात गोळीचा वाटा असू शकतो. महिनोन्‌महिने घेतल्यास हात थरथरणं, हालचाली मंदावणं असंही होतं, उतारवयात जास्त. म्हणून सासूबाईंनाही डॉक्टरांकडे घेऊन जा. त्यांना ती गोळी कोणी, कधी, किती दिवसांसाठी दिली होती, हे कोणी विचारलंय का? बीटाहिस्टिन असेल तर हा धोका नाही, पण अर्धशिशीच्या चकरेवर त्याचा भरवसा धरता येत नाही.

डॉक्टरांकडे जाताना आधी पुन्हा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. टेबलावरची चाचणी दोन्ही बाजूंनी आणि ऑडिओमेट्री, एवढ्या दोन गोष्टी करून घ्या. कान बरा निघाला की न्यूरॉलॉजिस्ट. खर्चाचा प्रश्न असेल तर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, तिथल्या कान-नाक-घसा विभागात सुरुवात करता येईल. चकरांची एक वही ठेवा आणि दोन्ही डॉक्टरांना तीच दाखवा. वही म्हणजे साधी शंभर पानी: चक्कर कधी सुरू झाली, किती तास राहिली, न हलता थांबली का, उजेड-आवाज-वास, कोणता कान, आदल्या दिवशी झोप किती, जेवण कधी, पाळीची तारीख, कोणती गोळी घेतली. घरच्यांपैकी कोणाला चक्कर चालू असताना तुमच्या डोळ्यांचा जवळून अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढायला सांगा. दवाखान्यात चक्कर क्वचितच हजर असते, व्हिडिओ तिला तिथे नेतो.

अर्धशिशी ठरली तर रोज घेण्याच्या प्रतिबंधक गोळ्या असतात: प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन, टोपिरामेट यांपैकी एखादी. दमा असेल तर पहिली चालत नाही, म्हणून डॉक्टरांना सगळं सांगा. कोणाला कोणती मानवेल हे आधी कळत नाही, आणि गुण आला की नाही हे ठरवायला दोन-तीन महिने द्यावे लागतात. आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडू नका.

गोळीइतकंच काम वेळेवरचं जेवण आणि झोप करतात. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात मोलाची वाटलेली ओळ संकष्टीची आहे. तुम्ही ती सहज लिहिलीत. सकाळी साडेसातला रिकाम्या पोटी चहा, दिवसभर ऑफिस, चंद्रोदय रात्री नऊ-साडेनऊनंतर, मग जेवण, झोपायला बारा. उपाशी राहणं आणि झोप चुकणं, अर्धशिशी चाळवणारी दोन ठळक कारणं त्या एका दिवसात एकत्र येतात. उपवास सोडा असं मी म्हणणार नाही, तो तुमचा आहे. पण दर तीन तासांनी दूध, केळं, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची मूठ असं काही पोटात जाऊ द्या, पाणी भरपूर प्या, नुसत्या चहावर राहू नका. तीन संकष्ट्या असं करून वहीत बघा. पाळीच्या त्या चार-पाच दिवसांत जागरण आणि उपवास दोन्ही शक्यतो टाळा.

नोकरी सोडू नका. ताई, हा प्रश्न वाचून मला वाईट वाटलं, कारण सहा चकरांपायी एवढी वर्षं सांभाळलेली जागा सोडण्याचा विचार तुमच्या मनात आला. घरी बसून चक्कर थांबत नाही, हालचाल कमी झाली की तोल आणखी बिघडतो. डोक्यावरची ट्यूब डोळ्यांवर येत असेल तर जागा बदलून मागा. स्क्रीनवरच्या याद्या भराभर वरखाली सरकवल्या की गरगरतं, म्हणून हळू सरकवा, अर्ध्या तासाने खिडकीबाहेर लांब बघा. ठाण्याहून ऐरोली लोकलने काही मिनिटांचीच. तेवढा वेळ आत खांब धरून उभ्या राहा, दारात नको, आणि मोबाइल पर्समध्ये. सुपरमार्केटच्या रॅकमधून चालताना झोक जात असेल तर त्यासाठी तोलाचे व्यायाम आहेत, फिजिओथेरपिस्ट शिकवतात. सुरुवातीला त्यांनी थोडं गरगरतं. तेवढं सहन करायचं. स्कूटर मात्र तूर्तास नको. चकरा आटोक्यात आल्या आहेत असं तुमचे डॉक्टर म्हणेपर्यंत किल्ली घरात कोणाकडे तरी देऊन ठेवा.

आणि लग्नाला जा. जमलं तर रात्रीच्या रेल्वेने जा, आडवं पडून प्रवास होईल. गाडीने जायचं असेल तर पुढच्या सीटवर बसा, खंडाळ्याच्या घाटात नजर लांब रस्त्यावर ठेवा, मोबाइल बघू नका. निघताना भाजी-पोळी खाऊन निघा, पोट रिकामं नको. गाडी लागू नये म्हणून घ्यायची गोळी डॉक्टरांना विचारून एका दिवसापुरती घेता येते, आधीची गोळी चालू आहे की बंद केली हे मात्र त्यांना सांगा. हळदीच्या रात्री स्पीकरपासून लांबची खोली मागून घ्या आणि दहाला झोपा. मुहूर्त सकाळचा असला की नाश्ता राहून जातो, तेव्हा पर्समध्ये दोन लाडू असू द्या. भाचीला आधीच सांगून ठेवा की मावशी मध्येच जरा आत जाऊन पडेल आणि परत येईल.